सोलर आधी, गिझर नंतर: नागपूरच्या बिल्डर, आर्किटेक्ट आणि फ्लॅट सोसायट्यांना खुलं पत्र

मान्यवर बिल्डर व आर्किटेक्ट मंडळी, आणि सोसायट्यांचे अध्यक्ष-सचिव,

सप्रेम नमस्कार.

मागच्या डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या सभेपुढे एक विषय आला: 'गच्चीवरील बंद सोलर भंगारात काढणे'. सोलर म्हणजे पाणी तापवायचं सोलर. ५०० लिटरच्या दोन टाक्या आणि त्यांना लावलेल्या काचेच्या नळ्या. बिल्डिंग ताब्यात आली तेव्हापासून ते वर आहे आणि आमच्या सोळा फ्लॅटपैकी एकही घर त्याचं पाणी वापरत नव्हतं. भंगारवाला येऊन भाव सांगून गेला होता, ठरावाचा मसुदाही तयार होता. मी हात जोडून आठ दिवसांची मुदत मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला मफलर गुंडाळून गच्चीवर गेलो. टाकीच्या आउटलेटजवळ एक छोटा कॉक आहे. गंजून घट्ट बसला होता, पान्याने फिरवला. थोडं गढूळ पाणी गेलं आणि मग वाफाळतं पाणी यायला लागलं. स्टीलच्या डब्यात धरून थर्मामीटर बुडवला, ६१ अंश. बाहेर अंगावर काटा येईल अशी थंडी, रात्रभर ती टाकी त्या थंडीत उभी, आणि आत ६१ अंशांचं पाणी. त्याच वेळी खाली सोळा घरांच्या बाथरूममध्ये गिझरचे लाल दिवे लागलेले होते. हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून हे पत्र.

मी कोराडीच्या वीज केंद्रात ३१ वर्षं बॉयलर मेंटेनन्सला होतो. बॉयलरवर काम करणाऱ्या माणसाला पहिल्या महिन्यातच एक गोष्ट कळते: बॉयलरला थंड पाणी पाजत नाहीत. २१० मेगावॅटच्या युनिटमध्ये कंडेन्सरमधून (तिथे वाफेचं पुन्हा पाणी होतं) निघालेलं पाणी आधी एकामागे एक हीटरांतून जातं आणि २४० अंशांच्या आसपास तापतं. मग इकॉनॉमायझरमध्ये, धुराड्याकडे निघालेल्या गरम वायूवर ते आणखी तापतं, आणि मग कुठे बॉयलरच्या ड्रममध्ये शिरतं. जी उष्णता फुकट किंवा स्वस्तात मिळते ती आधी, आणि महाग कोळसा फक्त उरलेल्या कामाला. सगळं वीज केंद्र या एका क्रमावर उभं आहे. तोच क्रम आपल्या इमारतींच्या पाइपांत उलटापालटा झाला आहे, माझी तक्रार एवढीच आहे.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो, कारण बेसा, मानेवाडा, प्रतापनगर, जरीपटका असं जिथे जिथे ओळखीच्यांच्या गच्चीवर चढून पाहिलं, तिथे बहुतेक हेच दिसलं. बाथरूममध्ये गिझरचा नळ वेगळा आणि सोलरचा वेगळा. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. सकाळी माणूस सोलरचा नळ सोडतो तेव्हा आधी रात्रभर पाइपात थिजलेलं पाणी येतं. गच्चीवरून दुसऱ्या मजल्यापर्यंत ४० मिलिमीटरचा १५ मीटर पाइप धरला, तर त्यातच १९ लिटर पाणी मावतं. पुढे बाथरूमपर्यंतच्या बारीक पाइपातलं वेगळं. म्हणजे गरम पाण्याची वाट बघत एक अख्खी बादली भरते. नागपूरच्या माणसाला पाणी असं वाहून जाताना बघवत नाही. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभे राहिलेलो आपण. तो नळ बंद करतो, गिझरचं बटण दाबतो आणि 'सोलर चालत नाही' म्हणून मोकळा होतो. चार दिवसांनी त्या नळाकडे कोणी बघतही नाही. सोलर चालत होतं, त्याचं पाणी पोचत नव्हतं.

यावर उपाय वीज केंद्रातलाच. सोलरचं पाणी नळाला न देता गिझरच्या इनलेटला द्या. सोलर आणि गिझर शेजारी-शेजारी नकोत, एकामागे एक हवेत. पंधरा लिटरचा साठवणीचा गिझर आधीच घरात आहे. त्यात थंड पाण्याऐवजी सोलरचं पाणी आलं तर काय होतं बघा. पाइपातलं ते पहिलं थिजलेलं पाणी गिझरमध्येच जातं, तोवर नळाला गिझरमधलं गरम पाणी येत असतं. बादली वाया जात नाही. मागून टाकीतलं खरं गरम पाणी येऊन पोचलं की गिझरचा थर्मोस्टॅट आपोआप वीज तोडतो. कोणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दोन नळांचं गणित शिकवावं लागत नाही.

आभाळ भरून आलेल्या दिवशी तर याची खरी किंमत कळते. समजा, जानेवारीत नळाचं पाणी १८ अंशांवर आहे आणि आंघोळीला ४० अंशांचं हवं. दोन दिवस ऊन नाही, सोलरची टाकी ३५ वर आली. वेगळा नळ असेल तर माणूस म्हणतो, पाणी कोमट आहे, जाऊ दे, आणि ते ३५ अंशांचं पाणी सोडून १८ अंशांचं पाणी विजेवर तापवतो. एकामागे एक जोडलं असेल तर गिझरला बावीस अंशांऐवजी पाचच अंश चढवायचे राहतात. कोमट पाणी टाकून द्यायचं नसतं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं सूत्र.

चौघांच्या घरात रोजचं १०० लिटर आंघोळीचं पाणी १८ वरून ४० अंशांवर न्यायला सुमारे अडीच युनिट लागतात. सोळा घरांचे झाले ४० युनिट. थंडीचे चार महिने धरले तर साडेचार-पाच हजार युनिट. आता ही वीज येते कुठून? आपल्या उशालाच कोराडी आणि खापरखेडा आहेत. तिथे कोळसा जळतो, त्या उष्णतेतला साधारण एक तृतीयांश भाग विजेच्या तारेत शिरतो, बाकीचा कूलिंग टॉवरमधून आणि धुराड्यातून आकाशात. मग ती वीज तारेतून बाथरूमपर्यंत येऊन पुन्हा पाणीच तापवते. एका युनिटला अर्धा-पाऊण किलो कोळसा धरला, तर आमची एक छोटी बिल्डिंग एका हिवाळ्यात तीन टनांच्या आसपास कोळसा फक्त आंघोळीत जाळते. माझी उमेदीची वर्षं त्या कोळशाच्या राखेत गेली आहेत. त्या राखेचे तलाव ज्या गावांना लागून आहेत, तिथली घरं मला माहीत आहेत. मी वीज केंद्राच्या विरोधात बोलत नाही. त्यानेच माझं घर चालवलं. पण ती वीज ऑपरेशन थिएटरला लागते, पिठाच्या चक्कीला लागते, मे महिन्यात कूलरला लागते. गच्चीवर ६१ अंशांचं पाणी असताना ती बादलीत ओतायची गरज नाही.

नागपूरला सोलरची गरज काय, इथे थंडी असतेच किती, असं एका बिल्डर मित्राने मला विचारलं होतं. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर आला होता, हे ज्यांनी त्या सकाळी आंघोळ केली त्यांना विचारा. हिवाळी अधिवेशनाला मुंबईहून येणारी माणसंही इथे स्वेटर विकत घेतात. आणि गंमत अशी की आपल्याकडे थंडी पडते तेव्हाच आकाश सगळ्यात स्वच्छ असतं. २२ डिसेंबरलासुद्धा भर दुपारी सूर्य आपल्या क्षितिजापासून ४५ अंश वर असतो. दक्षिणेकडे तोंड करून ३५ अंशांच्या आसपास तिरपं लावलेलं सोलर त्या उन्हाला जवळजवळ सरळ सामोरं जातं.

माझी मुलगी जर्मनीत असते. तिच्याकडे गेलो तेव्हा सगळ्यांनी किल्ला पाहिला, मी तिच्या घराचं तळघर पाहिलं. तिथे माणूसभर उंचीची एक टाकी आहे. तिच्या पोटात तांब्यापोलादाच्या दोन कॉइल: तळाशी सोलरची, वरच्या भागात गॅसच्या बॉयलरची. थंड पाणी खालून येतं, आधी सोलरच्या कॉइलवर तापतं, गरम होत वर चढतं. वरच्या थरात पुरेसं तापलेलं नसेल तरच बॉयलर पेटतो. तोच बॉयलर हिवाळ्यात खोल्यांतले रेडिएटरही तापवतो. त्या देशात डिसेंबरात ऊन नावापुरतं, तरीही वर्षभराच्या गरम पाण्यातला अर्ध्याहून जास्त भाग असं सोलर उचलतं, आणि उन्हाळ्यात बॉयलर महिनोन् महिने बंद राहतो. आपल्याला खोल्या तापवायच्या नाहीत. जानेवारीतसुद्धा दुपारी आपण गच्चीवर उन्हात बसून संत्री सोलतो. म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा खर्च आपल्याला नाहीच, ऊन त्यांच्या कितीतरी पट, आणि जोडणी मात्र त्यांची बरोबर, आपली चूक.

खरं तर ही जोडणी आपल्यालाही परकी नाही. महालातल्या आमच्या वाड्यात आजीचा तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात काटक्या-कोळसे, भोवती पाणी. पुढे बॉयलरवर काम करताना कळलं की आजीचा बंब म्हणजे छोटा फायर-ट्यूब बॉयलरच. आजोबा एम्प्रेस मिलमधून पाळी संपवून संध्याकाळी घरी येत, कापसाचा बारीक तंतू केसांत अडकलेला असे. आजी दुपारीच दोन गुंड पाणी भरून अंगणात उन्हात ठेवायची. चार वाजता ते पाणी बंबात ओतायचं काम आम्हा पोरांचं. मग दोन मुठी काटक्यांत पाणी कढत व्हायचं. उन्हात न ठेवलेल्या पाण्याला टोपलीभर लागायच्या. ऊन आधी, आग नंतर. तिने कोणतं पुस्तक वाचलं नव्हतं.

आता बिल्डर आणि आर्किटेक्ट मंडळींना कामाचं सांगतो. परवानगीच्या कागदावर सोलरची खूण करायची म्हणून गच्चीवर टाकी उभी करू नका. ड्रॉइंग काढतानाच डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीत, गरम पाण्याची उभी लाइन आणि तिच्या शेजारी एक बारीक परतीची लाइन ठेवा. परतीच्या लाइनवर छोटा पंप आणि टायमर लावला आणि तो सकाळी पाच-साडेपाचला थोडा वेळ चालला, की पाइपातलं थिजलेलं पाणी टाकीत परत जातं आणि तळमजल्यालाही गरम पाणी लगेच मिळतं. इमारत उभी होताना या दुसऱ्या पाइपाचा खर्च किरकोळ असतो. लोक राहायला आल्यावर टाइल्स फोडून तो घालायचा म्हटलं तर कोणी तयार होत नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. गरम लाइनीवर इन्सुलेशन गच्चीपासून शेवटच्या बाथरूमपर्यंत हवं. गच्चीवर दोन मीटर काळा फोम गुंडाळायचा आणि पुढे उघडा पाइप, असं मी फार ठिकाणी पाहिलं. तो फोमही आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत भुगा होतो, त्यावर पत्र्याचं कवच लागतं.

पाण्याचा प्रश्न नागपुरात वेगळा आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होतं. पेंच-कन्हानचं महापालिकेचं पाणी त्यामानाने बरं. बोअरचं पाणी मात्र जड, क्षारांचं. बहुतेक बिल्डिंगमध्ये दोन्ही पाणी एकाच टाकीत जातं आणि तेच सोलरला मिळतं. पाणी तापलं की त्यातला क्षार बाहेर पडून पांढरा थर धरतो. आमच्या सोलरची एक नळी मी काढून पाहिली तर तळाशी चार बोटं पांढरा चुरा बसला होता, खडूच्या डब्यासारखा. फ्लॅट प्लेटच्या, म्हणजे सपाट पेटीच्या सोलरमधल्या बारीक तांब्याच्या नळ्या तर पार बुजतात. सोलरसाठी छोटी वेगळी टाकी ठेवा आणि तिला फक्त नळाचं पाणी द्या. ते शक्य नसेल तर हीट एक्स्चेंजरचं सोलर घ्या. त्यात तापणारं पाणी आणि वापरायचं पाणी वेगळं राहतं, क्षार सोलरच्या नळ्यांत शिरत नाही.

गिझरबद्दल एक बॉयलरवाला म्हणून कळकळीने सांगतो. एकामागे एक जोडताना गिझर गरम पाणी इनलेटला चालणारा आहे ना, हे कंपनीकडून लिहून घ्या. सगळे चालत नाहीत. सोलरच्या लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट जाऊ न देणारी झडप) बसवला तर गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह चालू आहे याची खात्री करा. तो थेंब-थेंब गळतो म्हणून प्लंबर त्याला बूच मारताना मी स्वतः पाहिलं आहे. बंद भांड्यात पाणी तापलं की ते फुगतं, त्याला वाट लागते. त्या थेंबांना बूच मारू नका. आणि गिझर टाळून पाणी थेट नळाला देणारा बायपासचा कॉक ठेवा, म्हणजे गिझर बिघडला तरी सोलर चालू राहील.

गॅस गिझर या जोडणीत बसत नाही. पाणी वाहिलं की ज्योत पेटते, आत आलेलं पाणी गार आहे की तापलेलं हे साधा गॅस गिझर बघत नाही. पण त्याहून मोठं कारण दुसरं आहे. आमच्या ओळखीच्या घरातली कॉलेजची मुलगी दार-खिडकी बंद करून आंघोळीला गेली आणि बाहेर आली नाही. आईने दार ठोठावलं, मग शेजाऱ्यांनी तोडलं. मुलगी वाचली, थोडक्यात. गिझर बाथरूमच्या आत होता. ज्योतीला हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडर गळाला तर वासाने कळतं, हा मात्र कळत नाही, माणूस गुंगीत जातो. आर्किटेक्ट मंडळींनो, बाथरूमच्या आत गॅस गिझरचा पॉइंट कृपा करून देऊच नका. द्यायचाच असेल तर बाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा ड्राय एरियात.

हल्ली प्रत्येक सभेत एक नवा मुद्दा निघतो: पाण्याचं सोलर काढा आणि त्या जागी विजेचे पॅनल लावा. २०२४ ला पंतप्रधान सूर्यघर योजना आली, घरगुती ग्राहकाला तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, सोसायटीच्या सामायिक वापरासाठीही दर किलोवॅटला १८,००० आहेत. चांगली योजना आहे, जरूर घ्या. पण गच्ची मोजून मग ठरवा. २० चौरस मीटर पॅनलमधून नागपुरात दिवसाला साधारण १६ युनिट वीज मिळते. तेवढ्याच क्षेत्राचं पाण्याचं सोलर चांगल्या उन्हात १००० लिटर पाणी ४० अंशांनी तापवतं, म्हणजे ४५ युनिटांचं काम. पाण्याचं सोलर काढून पॅनल लावायचे आणि त्यांच्या विजेवर साधा गिझर चालवायचा, हा तोट्याचा सौदा आहे. स्वतःचा बंगला असेल, गच्ची मोकळी असेल, तर पॅनल आणि हीट पंप ही जोडी उत्तम. हीट पंप हवेतली उष्णता ओढून एका युनिटात तीन युनिटांएवढी उष्णता देतो, आणि आपली हवा त्याला फार मानवते. फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये मात्र गच्चीचा तुकडा-तुकडा मोलाचा. तिथे दक्षिणेकडची सावली नसलेली पट्टी आधी पाण्याला द्या, उरलेली पॅनलना.

मे महिन्याबद्दल विचाराल, तर एप्रिल लागला की आम्ही नळ्यांवर हिरवी नेट टाकणार आहोत. त्या दिवसांत साध्या नळाचंच पाणी हाताला चटका देतं, सोलरला झाकलेलंच बरं.

केंद्र सरकारने देशातली मोजकी शहरं 'मॉडेल सोलर सिटी' म्हणून निवडली, त्यात चंदीगड, गांधीनगर, म्हैसूरबरोबर आपलं नागपूर होतं. तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. आज एखाद्या उंच बिल्डिंगवरून खाली बघितलं की गच्च्यांवर टाक्या दिसतात, त्यांतल्या किती चालू आहेत हा प्रश्न मला झोपू देत नाही.

आमच्या सभेने भंगाराचा ठराव उन्हाळ्यानंतरच्या सभेपर्यंत पुढे ढकलला आहे. दरम्यान चौथ्या मजल्यावरच्या आम्ही चार घरांनी सोलरचा पाइप गिझरच्या इनलेटला जोडून घेतला. नळ्यांतला क्षार लिंबूसत्वाच्या पाण्याने काढला, दोन फुटक्या नळ्या बदलल्या, लाइनीला फोम आणि वर पत्रा बसवला. दीड दिवसाचं काम. प्लंबर आधी कुरकुरला, मग त्यानेच आपल्या घरी तसं केलं. मी भिंतीवर कॅलेंडर लावून गिझरच्या दिव्यावर लक्ष ठेवलं: जानेवारीच्या ३१ सकाळींपैकी २४ सकाळी तो आंघोळी आटपेपर्यंत लागलाच नाही. उरलेल्या सातांत दोन-चार मिनिटं. खालच्या बारा घरांना परतीच्या लाइनीशिवाय हे इतकं सुखाचं होणार नाही, आणि ती लाइन आमच्या डक्टमध्ये नाही. कोणीतरी पंधरा वर्षांपूर्वी ती ड्रॉइंगमध्ये दाखवली असती तर आज मला पत्र लिहावं लागलं नसतं.

म्हणून विनंती आहे की जी बिल्डिंग आज तुमच्या टेबलावर कागदावर आहे, तिच्या प्लंबिंगच्या ड्रॉइंगमध्ये तो एक पाइप काढा आणि सोलरचा बाण गिझरकडे वळवा. ज्या सोसायट्यांच्या अजेंड्यावर आमच्यासारखाच विषय आहे, त्यांनी भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा पहाटे गच्चीवर जाऊन आउटलेटचा कॉक उघडून बघावा. एकट्याने जमत नसेल तर मी येतो. पान्याची पिशवी आणि थर्मामीटर माझा.

आपला,
एक निवृत्त बॉयलर कर्मचारी,
मनीषनगर, नागपूर